धुरपताबाईची चुन्याची रेघ

अमावास्येची दुपार कलली की आमच्या आंजीपासून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसांची रीघ लागायची. बाजारात माझी वांगी घेताना जी माणसं पाव किलोवर घासाघीस करतात, तीच माणसं तिथे नारळ, लिंबं आणि अगरबत्त्या घेऊन निमूट उन्हात उभी. लेकरं बापाच्या खांद्यावर, बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पोट्टे झाडावर. कुल्फीवाला आणि फुगेवाला तर महाराजांच्याही आधी हजर असायचे.

मग ढोल, मग फटाक्यांची लड, आणि मग लाल मोटरसायकलवर बसून गतिनाथ महाराज यायचे. भगवी लुंगी, पायात पांढरे बूट, गळ्यात रुद्राक्षांच्या माळा आणि त्या माळांतच अडकवलेला काळा गॉगल. आमचे माजी सरपंच बापूराव माईक धरायला असायचे. त्यांच्या हातून माईक सुटत नाही, निवडणूक हरल्यापासून तर अजिबातच नाही.

“भक्तजनहो!” महाराज गरजायचे. “या वळणावर अतृप्त आत्म्याचं आकर्षण आहे! सायन्सवाल्यांना सगळं मालूम आहे, पण ते बोलत नाहीत! का बोलत नाहीत? त्यांची दुकानं बंद होतील म्हणून! आम्ही चर्मचक्षू बंद करतो आणि ज्ञानचक्षू चालू करतो! जो नजरेच्या भरोशावर जाईल तो नाल्यात जाईल, जो श्रद्धेच्या भरोशावर जाईल तो घरी जाईल!”

“घरी जाईल!” बापूराव माईकमध्ये ओरडायचे.

मग महाराजांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली जायची. एका पट्टीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. गर्दीतला कोणीही येऊन गाठ ओढून बघावी, अशी उघड परवानगी होती. मोटरसायकल सुरू व्हायची आणि डोळे बांधलेला तो माणूस, ज्या वळणावर दिवसाउजेडी चांगल्या डोळ्यांची माणसं नाल्यात गेली होती, ते वळण हळूहळू, झोकात घेऊन पुलापलीकडे जायचा. लोक रडायचे. बाया रस्त्याला डोकं टेकवायच्या. मोडका पाय प्लॅस्टरमध्ये घेऊन आलेला आमच्या गल्लीतला सचिन मला म्हणाला होता, “बंडूभाऊ, याच वळनावर पडलतो मी. पाय मोडला, पन जीव वाचला. गाडीले महाराजाचा दोरा होता म्हनून.”

“अन दोरा होता तं पडला काऊन?” मी विचारलं.

“श्रद्धा कमी पडली, भाऊ.”

पडला तर श्रद्धा कमी, वाचला तर दोरा भारी. महाराजांचं नाणं दोन्हीकडून छापच पडत होतं.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण महाराज गाडीवर बसण्याआधी तिथे आणखी एक गोष्ट व्हायची आणि ती पाहून माझं डोकं तडकायचं.

ढोल थांबायचा. गर्दी बाजूला व्हायची. आणि आमची धुरपताबाई अनवाणी, एका हातात चुन्याची बादली आणि दुसऱ्या हातात टिनाचा डबा घेऊन पुढे यायची. वाकून, रस्त्याच्या डाव्या कडेने ती पांढरी रेघ ओढत जायची. वळणाच्या अलीकडून थेट पुलापर्यंत. महाराज हिला ‘रक्षारेखा’ म्हणायचे. रेघ पुरी झाली की तिने सगळ्या गावासमोर हात जोडून म्हणायचं, “माह्या पोरीले माफ करा.” मगच महाराज गाडीला किक मारायचे.

कारण महाराजांचा तो ‘अतृप्त आत्मा’ म्हणजे धुरपताबाईची रंजिता.

रंजिता बारावीत होती. एका संध्याकाळी शिकवणीहून स्कूटीने परत येताना ती या वळणावर सरळ गेली आणि नाल्यात पडली. तिच्या आधीही तिथे माणसं पडली होती, नंतरही पडली. पण गतिनाथ महाराज कुठूनतरी उगवले, वळणाच्या तोंडाशी त्यांनी लाल झेंड्यांचं, आरशांच्या तुकड्यांनी मढवलेलं एक देवाचं ठाणं उभं केलं, आत मूर्ती बसवली आणि जाहीर केलं की, ही पोरगीच गाड्या ओढते. झालं! ज्या बाया रंजिताला कडेवर घेऊन फिरल्या होत्या, त्या धुरपताबाई दिसली की लेकरांच्या डोक्यावर पदर ओढू लागल्या. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. वळणाला लागूनच तिचं वावर आहे, तिथे निंदायला बाया येईनात. नवरा आधीच वारलेला. ती एकटीच कापणीच्या वेळी सोयाबीन सोंगायची आणि दर अमावास्येला मेलेल्या लेकीच्या वतीने माफी मागायची.

पोरगी एकदा मेली होती. तिला आम्ही दर महिन्याला पुन्हा गुन्हेगार करून उभी करत होतो.

सोयाबीन काढणीच्या सुमारास माझी धाकटी बहीण वर्षाली लांब सुट्टी घेऊन घरी आली. ती वाहतूक मानसशास्त्रज्ञ आहे. हा शब्द आमच्या गावात अजून कोणाच्या तोंडात बसलेला नाही. तिने मानसशास्त्र घेतलं तेव्हा आईने विचारलं होतं, “पागलायची डॉक्टर होते का माय तू?” मग ती पुण्याला गेली. गाडी चालवणाऱ्याला काय दिसतं, काय दिसूनही कळत नाही, घाईत आणि थकव्यात त्याचं डोकं त्याला कसं फसवतं, याचा अभ्यास करत राहिली. घाटांतल्या वळणांवर दिवसचे दिवस उभी राहिली, ट्रकवाल्यांशेजारी बसून मुलूखभर हिंडली, बसचालकांच्या चाचण्या घेतल्या, रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांशी भांडली. केस पांढरे झाले तरी तिचा विषय बदलला नाही. अपघात म्हटला की लोक विचारतात, चूक कोणाची? ती विचारते, त्याला त्या क्षणी दिसलं काय?

मी तिला अमावास्येचा तमाशा दाखवायला घेऊन गेलो. ती महाराजांवर नजर लावून उभी राहिली. फक्त धुरपताबाईने हात जोडले तेव्हा तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला आरडावंसं वाटलं.

घरी आल्यावर म्हणाली, “दादा, त्याची पट्टी बांधली तवा तू कुठं पाहून राह्यला होता?”

“त्याच्या डोळ्यायकडं. अजून कुठं पाहीन?”

“सगळं गाव तिकडंच पाहून राह्यलं होतं. मी त्याची हनुवटी पाह्यली. पट्टी बांधली की तो मान वर करते. ज्याले खरंच दिसत नाई तो मानूस मान वर कायले करीन?”

तिने माझाच दुपट्टा घेतला, घडी घातली आणि माझ्या डोळ्यांवर करकचून बांधला. अंगणात सोयाबीनचे दाणे फेकले आणि म्हणाली, “वेच.” समोर काळाकुट्ट अंधार. मी चिडून मान वर केली, तर काय! नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेडाची फट. माझे पाय दिसले, पायाजवळचे दाणे दिसले. नाक मध्ये उभं असतं, त्यामुळे पट्टी कितीही आवळा, गालापाशी जागा राहतेच. मी बसल्या जागी दाणे वेचू लागलो. माझी बायको दारातून म्हणाली, “बावा, घरात बी ज्ञानचक्षू निघाले!”

“पन त्याले फक्त चाकासमोरचं हातभर दिसन,” मी दुपट्टा सोडत म्हणालो. “एवढ्यात वळन कसं घेते तो?”

“अन रेघ कायले ओढून घेते तो?” वर्षाली म्हणाली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चुन्याची पांढरी रेघ, चाकाच्या शेजारून जाणारी. रेघ वळली की चाक वळवायचं. आत्म्याला अडवणारी रक्षारेखा म्हणे! ती त्या लबाडाची काठी होती, आणि ती काठी त्याने मेलेल्या पोरीच्या आईच्या हातून घडवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुरपताबाईच्या वावरात गेलो. ती खळ्यात कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, लोटून ढीग करत होती. वर्षालीला पाहून तिने काम थांबवलं, पण बस म्हणाली नाही. आपल्याकडे कोणी बसत नाही याची तिला सवय झाली होती. वर्षाली आपणच धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसली.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग धुरपताबाईने खाली बघतच विचारलं, “वर्षाली, तू मोठी डॉक्टर हायेस. खरं सांगजो मले. माही रंजिता कोनाले पाडते काय?”

मला वाटलं, वर्षाली ‘नाही’ म्हणेल. तिने तसं केलं नाही. ती म्हणाली, “मी सांगीन अन तुमी ऐकान, असं नोका करू काकू. महाराजाचं बी तुमी ऐकूनच घेतलं होतं. चाला, तुमच्या डोळ्यानं पाहा.”

उन्हं उतरली तसं आम्ही आंजीच्या दिशेला थोडं मागे चालत गेलो. तिथे वर्षालीने धुरपताबाईला रस्त्याच्या मधोमध उभं केलं. मागून गाडी येते का ते मी बघत होतो.

“काकू, रस्ता कुठं जाते ते सांगा.”

“हा काय सरळ. खांबायच्या लाइनीनं.”

“आता चालत चला.”

आम्ही चालत गेलो. विजेच्या खांबांची रांग आणि त्यांच्याबरोबर कडुनिंबाची रांग थेट समोर जात होती. डोळा आपसूक तिच्यामागे जायचा. आणि अगदी जवळ गेल्यावर, पायाखाली आल्यावर, रस्ता उजवीकडे वळत होता. सरळ पुढे होता तो जुना रस्ता आणि पुढे नाल्यावरचा फुटका रपटा, म्हणजे जुना ठेंगणा पूल. फार वर्षांमागे रपटा वाहून गेला, तेव्हा नवा पूल उजव्या बाजूला बांधला आणि रस्ता तिकडे वळवला. खांब आणि झाडं मात्र जुन्या रस्त्याच्याच कडेने राहिली.

धुरपताबाई त्या जागी थांबली. मागे वळून तिने खांब पाहिले, पुन्हा पुढे पाहिलं.

“मले बी सरळच दिसला रस्ता,” ती म्हणाली.

“रंजिताले बी सरळच दिसला, काकू. संध्याकाळची वेळ, डांबर काळं, कडेले पट्टा नाई, बोर्ड नाई. मानूस मोठ्या उंच गोष्टी पाहून रस्त्याचा अंदाज घेते. खांब सरळ, झाडं सरळ, म्हनजे रस्ता सरळ. तिची चूक नव्हती. तिनं कोनाले ओढलं नाई, अन तिले बी कोनं ओढलं नाई.”

“अन लोकं म्हनत होते पोट्टी मोबाईलवर बोलत होती.”

“लोकायले काही तरी बोलाले लागते.”

धुरपताबाई रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि रडली. मोठ्याने रडली. लेक गेली तेव्हा लोकांत रडली होती, नंतर लोकांसमोर फक्त माफी मागत होती. मीही डोळे पुसले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रडणं ओसरल्यावर तिने ठाण्याकडे बोट दाखवलं. “अन हे? हे बी बरोबर समोरच बसवलं की त्यानं!”

बरोबर समोर. ज्या दिशेला जायचं नाही, त्याच दिशेला आरसे, झेंडे आणि रंगीत बल्बांच्या माळा. त्यावर महाराजांचा नियम असा की, वळणाआधी ठाण्याकडे पाहून नमस्कार करायचा. आता देवाला डावा हात कसा चालेल? म्हणून सगळे दुचाकीवाले उजवा हात काढायचे. आणि हँडलच्या उजव्या बाजूलाच ॲक्सिलरेटर, तिथेच पुढचा ब्रेक. म्हणजे ऐन वळणावर नजर नाल्याकडे, ब्रेकचा हात कपाळावर आणि मुखी गतिनाथांचं नाव! सचिनचा पाय कसा मोडला ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

“पन अमावास्या झाली की चार-आठ दिवस कोनी पडत नाई, हे तं खरं हाय,” मी म्हणालो. बापूरावांचा हाच हुकमी एक्का होता.

“खरंच हाय,” वर्षाली म्हणाली. “काऊन की तवा कडेले रेघ असते. पांढरी, ताजी. लोकायले वळन आधीच दिसते. चुना उडाला की दिसत नाई. दादा, मंत्रानं नाई, काकूच्या रेघीनं वाचले ते.”

धुरपताबाई आपल्या हातांकडे पाहत राहिली. चुन्याने तिची बोटं फाटली होती.

पुढच्या अमावास्येला काय करायचं यावर आमच्या अंगणात खल झाला. वर्षालीचं म्हणणं होतं, धुरपताबाईने रेघ ओढायला नकार द्यावा. रेघ नाही तर महाराज गाडीवर बसणारच नाही.

धुरपताबाईने मान हलवली. “नाई माय. मी नाई म्हनलं तं तो म्हनीन, आत्मा कोपला. लोकं मलेच मारतीन. रेघ मी ओढीन. पन या खेपेले माह्या मनानं ओढीन.”

ती काय म्हणते ते कळायला आम्हाला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा वर्षाली एकदम गंभीर झाली. “कोनाले लागलं नाई पायजे, काकू. उभा जलम मी लोकायले लागू नये म्हनून घातला. त्याच्यासारख्याले बी नाई.”

“लागत नाई. चालल्यासारखी चालवते तो गाडी. अन माह्या खळ्यातलं कुटार गादीवानी हाय.”

तरीही वर्षालीने आधी जाऊन जागा पाहिली. वळण यायच्या बरंच अलीकडे, नाल्यापासून लांब, खळ्यात ट्रॅक्टर वळवण्यासाठी मुरूम टाकलेला सपाट उतार होता. त्यापुढे कुटाराचा ढीग. तिने ढिगाच्या आसपासचे दगड वेचायला लावले आणि आपल्याच हाताने कुटार आणखी पसरलं.

अमावास्या आली. त्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त. खरांगण्यापासूनच्या गाड्या उभ्या होत्या. महाराजांचं तोंड जोरात चालू होतं.

“आज आत्म्याची शेवटची ताकद आम्ही शोषून घेणार! न्यूटन इथे आला असता तर त्यानेही पायतण काढलं असतं!”

“काढलं असतं!” बापूराव.

त्यांचा वाक्यावाक्याला जयजयकार चालला होता तेव्हा वर्षाली गर्दीतून पुढे गेली आणि माझ्या गाडीचं हेल्मेट तिने महाराजांपुढे धरलं. “हे तेवढं घाला, महाराज.”

“आम्हाला? हेल्मेट?” महाराज हसले. गर्दीही हसली. “बेटी, ज्याच्या डोक्यावर वरच्याचा हात आहे, त्याला प्लास्टिक कशाला?”

“मग गाडी हळू चालवा,” ती म्हणाली आणि मागे आली. हे तिने मनापासून सांगितलं होतं.

मग नेहमीसारखा ढोल थांबला. महाराज पट्टी बांधून घेण्यात गुंतले होते, लोक पट्टीच्या गाठी ओढून बघत होते. धुरपताबाई बादली घेऊन निघाली. पण या वेळी अनवाणी नाही, पायात चपला घालून. वाकली, चुना सोडत चालू लागली. रस्त्याच्या कडेने काही अंतर रेघ नेहमीसारखी आली. मग ती उताराशी हलकेच डावीकडे वळली, मुरुमावरून खळ्यात गेली आणि कुटाराच्या ढिगापाशी संपली. खळ्याजवळचे दोन-चार जण एकमेकांकडे बघू लागले. धुरपताबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की कोणी तोंड उघडलं नाही.

“माफी!” बापूराव माईकवर म्हणाले.

तिने हात जोडले नाहीत.

“धुरपता, माफी माग!”

“आधी पाहू तं द्या जी, महाराजाचे ज्ञानचक्षू चालतेत का नाई,” ती म्हणाली.

महाराजांनी पट्टीआडून किक मारली. मान वर, हनुवटी आभाळाकडे. गाडी रेघेला लागली, हळूहळू, झोकात पुढे आली. उताराशी आली. आणि महाराजांनी, ज्ञानचक्षूंनी विश्व पाहणाऱ्या त्या महापुरुषाने, हलकेच हँडल डावीकडे वळवलं आणि गाडी खळ्यात घालून थेट कुटारात घुसवली!

भुसा उडाला. गाडी बंद पडून आडवी झाली. ढिगातून आधी पांढरे बूट वर आले, मग शिंका. भगव्या लुंगीत सोयाबीनच्या शेंगांची टरफलं टोचत होती, आणि महाराज अंगभर खाजवत, पट्टी ओढून काढत ओरडले, “ही कोणी रेघ वाकडी केली?”

मग झाडावरून कोणीतरी मोठ्याने विचारलं, “महाराज, तुमाले रेघ कशी दिसली?”

एवढं एक वाक्य पुरेसं होतं. हसण्याचा असा गदारोळ उठला की ढोलवाल्यानेही ढोल बडवून घेतला.

पण माणसाला आपण फसलो हे पटकन कबूल करवत नाही. बापूराव लालबुंद झाले. “हे आत्म्याचं काम हाय! धुरपतानं करनी केली! महाराजाले मारून टाकत होती ते!” आणि काही माणसं खरंच धुरपताबाईकडे सरकली. मी मध्ये आडवा उभा राहिलो.

वर्षालीने महाराजांच्या हातातली पट्टी काढून घेतली. “बापूरावजी, या इकडं. तुमी गावचे जुने मानूस. तुमच्यावर सगळ्यायचा भरोसा हाय. बांधून पाहा.”

गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? तिने त्यांच्या डोळ्यांवर तीच पट्टी, तशीच, पदरावर पदर बांधली. वरून सचिनला गाठ ओढायला लावली.

“काय दिसते?”

“काय दिसन? अंधार!” बापूराव खेकसले.

“आता मान वर करा. हनुवटी आभाळाकडं. महाराज करते तशी.”

बापूरावांनी मान वर केली. आणि हातात अजून माईक होता हे विसरून ते म्हणाले, “अबे, माह्या चपला दिसून राह्यल्या!”

अख्ख्या रस्त्याने ते ऐकलं.

मग रांग लागली. ज्याला त्याला पट्टी बांधून बघायची. बाया एकमेकींच्या पायांतली जोडवी ओळखू लागल्या. तोवर महाराज गाडी उभी करून चालू करायच्या खटपटीत होते. वर्षालीने त्यांना विचारलं, “नाकाच्या फटीत कणकेचा गोळा लावून पुन्हा चालवता का?”

“आज ग्रहमान ठीक नाही,” महाराज म्हणाले. “आम्ही जत्रेत शेकडो वेळा...” आणि तिथेच त्यांनी जीभ चावली. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये गाड्या फिरवणारा माणूस होता तो, हे मागाहून कळलं. कसब होतं त्याच्याकडे, अगदी अस्सल. त्याच्यावर तिकीट लावून पोट भरलं असतं तर मीसुद्धा टाळ्या वाजवल्या असत्या.

तो निसटण्याआधी धुरपताबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चुन्याची रिकामी बादली तिच्या हातात होती. माईक तिने घेतला नाही, आणि तरी मागच्या ट्रॉलीपर्यंत ऐकू गेलं.

“माही पोरगी शिकून राह्यली होती. नर्स होनार होती. तिनं जलमात कोनाच्या वावरातलं टमाटं बी चोरलं नाई. रस्ता वाकडा केला कोनी, खांब सरळ ठेवले कोनी, अन माफी मांगाची मी? तिनं एकाले पाडलं नाई. तुह्या या झगमगाटानं पाडले! अन तुमी...” ती गर्दीकडे वळली, “तुमी तिले अंगाखांद्यावर खेळवलं. एकाले बी वाटलं नाई का रंजिता असं करनार नाई म्हनून? आजपासून मी माफी मांगत नाई. ज्याले मांगाची हाय त्यानं मले मांगावं.”

मग ट्रॉलीतून एक म्हातारी बाई उतरली, तिच्याजवळ आली आणि तिच्या हातातली बादली तिने आपल्या हातात घेतली. बापूराव पट्टी कपाळावर सरकवून उभे होते. त्यांनी माईक बंद केला. माझ्या आठवणीत त्यांनी स्वतःहून माईक बंद करण्याची ही पहिलीच वेळ.

त्याच संध्याकाळी वर्षालीने उरलेल्या लोकांना रस्त्याच्या मधोमध उभं करून खांब दाखवले, जुना रपटा दाखवला, उजव्या हाताची गोष्ट सांगितली. कोणाला कमी लेखलं नाही. म्हणाली, तुम्ही मूर्ख नाही, तुमच्या डोळ्यांची जशी सवय आहे तसंच तुम्ही पाहिलं. पण कारण शोधायच्या ऐवजी भूत शोधलं की खरं कारण तसंच राहतं आणि पुढचा माणूस मारतं. धुरपताबाईने तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्या राज्यात, तो वापरायला फक्त हिंमत लागते. महाराज मात्र त्याच्या आधीच पसार झाले होते. श्रद्धेच्या भरोशावर नव्हे, मोटरसायकलवर, डोळे सताड उघडे ठेवून.

ठाण्यातली मूर्ती गावच्या देवळात नेऊन ठेवली, आरसे-झेंडे काढले. वर्षालीने बांधकाम खात्याला अर्ज दिला आणि त्या अर्जामागे आता सगळं गाव होतं, त्यामुळे काम हललं. वळणाआधी बाणांचे पिवळे-काळे फलक लागले, जुन्या रस्त्याचं तोंड मातीचा बांध घालून बंद झालं, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पक्क्या रंगाची पांढरी रेघ आली, रात्री चमकणारी.

नोकरीवर परत गेलेल्या वर्षालीला मी फुशारकीने फोन केला, “अवो बाई, तवापासून एक बी मानूस पडला नाई!”

“एवढ्यात नोको म्हनू, दादा,” ती म्हणाली. “महाराज बी असंच म्हनत होता. दोन-चार वर्षं जाऊ दे, मग मोजू.”

मला राग आला, मग पटलं. आपल्या बाजूचा पुरावासुद्धा घाईने खाऊ नये, हेच तर ती जन्मभर सांगत आली.

तुम्हाला माझं सांगणं साधं आहे. वळणावर गाडी चालवताना दोन्ही हात हँडलवर ठेवा, डोळे जिकडे जायचं तिकडे ठेवा आणि हेल्मेट घाला. देवाला नमस्कार करायचा तर गाडी बाजूला थांबवून करा, तो कुठे पळून जात नाही. आणि एकाच जागी माणसं पुन्हा पुन्हा मरत असतील तर लिंबू कापू नका. तिथे उभे राहा, रस्त्याकडे बघा, आणि विचारा की मरणाऱ्याला त्या क्षणी दिसलं काय.

परवा सकाळी मी भाजी घेऊन आर्वीला निघालो होतो. वळणावर धुरपताबाई कमरेवर हात ठेवून उभी. निंदायला आलेल्या बाया तिच्या मागे. पांढऱ्या रेघेवर कोणीतरी हळदकुंकू वाहून नारळ ठेवला होता.

“पाह्यलं का बंडू? आता रेघीची पूजा! लोकायले काही तरी पायजेच!”

तिने पदराच्या टोकाने हळदकुंकू पुसलं, रेघ पुन्हा पांढरी स्वच्छ केली. मग नारळ उचलला, बांधावरच्या दगडावर आपटून फोडला, त्यातलं पाणी बायांना वाटलं आणि खोबरं पदरात बांधत म्हणाली,

“रंजिताले खोबऱ्याची चटनी लय आवडे. आज सगळ्याजनी माह्याकडंच जेवा.”

आणि त्या सगळ्याजणी तिच्या घरी गेल्या.